ओलं अस्तर

“सणासुदीला बांगडी वाढवलीस? अगं, वर्ष तरी झालं का तुझ्या लग्नाला?”

खंडेनवमीची संध्याकाळ होती. आईचा आवाज सोप्यातनं पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. माझी भावजय मंजुळा चुलीपुढं उभी होती, डावा हात पदराखाली लपवून. मी वाकून बघितलं. मनगटावर ताजा ओरखडा, आणि हिरव्या चुड्यातली एक बांगडी कमी.

“कशानं फुटली?” आईनं विचारलं.

“कशाला तरी लागली, आत्याबाई. ध्यानात न्हाई.”

“ध्यानात न्हाई म्हणं! नवऱ्याचा रोजचा खेळ जाळाशी, आणि हिला बांगडीचं ध्यान न्हाई. पायगुण दाखवतीस काय गं?”

मी मधे पडले. “काच हाय ती, आई. फुटायचीच. उद्या सोनं लुटून झालं की कासारणीकडनं भरून आणते तिला.”

“तू नको शहाणपणा शिकवूस. तुझ्या बांगड्यांचं काय झालं ते बघितलंय मी.”

आईकडं हा एक दगड कायम तयार असायचा. माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला. ताप त्याला आला, पण खापर फुटलं माझ्या पायगुणावर. सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं, वर म्हणाले, तुमची पांढऱ्या पायाची तुम्हालाच लखलाभ. तेव्हापासनं मी रिकाम्या हातानं, मोकळ्या कपाळानं माझ्या धाकट्या भावाच्या, दिनकरच्या घरी. त्यानंच शब्द टाकून मला फौंड्रीत कामाला लावलं. लोखंडाच्या ओतीव मालात जिथं पोकळी हवी, तिथं साच्यात वाळूचा गाभा घालावा लागतो. ते गाभे आम्ही बाया करायचो. सगळी फौंड्री मला छबाक्का म्हणायची.

दिनू भट्टीवर होता. भट्टीतला रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, ज्या दांड्याच्या भांड्यात ओतून घेतात ना, त्याला आमच्यात लॅडल म्हणतात. ते भांडं दोघांनी दोन्हीकडनं धरायचं, रस घ्यायचा आणि साच्यापर्यंत चालत नेऊन ओतायचा. पुढचा दांडा दिनूचा. लॅडल बाहेरनं लोखंडाचाच, पण आतनं चांगला चार बोटं जाडीचं मातीचं अस्तर. तेवढ्या मातीच्या जिवावर ती माणसं जळतं लोखंड पोटाशी धरून चालत होती.

अस्तराचं मला चाचांनी सांगितलं होतं. हुसेनचाचा मुजावर, भट्टीचे जुने मिस्त्री. त्यांच्या उजव्या गालावर भाजल्याचा वण होता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “पोरी, ओल्या सळईनं रस ढवळला हुता. नवा हुतो, कळत नव्हतं. पाणी रसावर पडलं तर नुसतं नाचतं आणि उडून जातं. पण रसाच्या खाली अडकलं ना, तर वाफंला जागा न्हाई मिळत. मग ती सगळ्यांस्नी घेऊन उडती.” उकळत्या तेलात ओला वडा सोडला की काय होतं ते प्रत्येक बाईला माहीत आहे. तेच, फक्त तेलाच्या जागी लोखंड. म्हणून लॅडल कायम शेकून, खडखडीत वाळवून ठेवायचे. त्याच्या पोटात पाणी जाऊ द्यायचं नाही, हा तिथला पहिला नेम.

नवमीला कारखाना दुपारीच बंद व्हायचा. घरोघरच्या बाया यायच्या, आपापल्या माणसाच्या हत्याराला हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहायच्या. मी सोडून. मी आपली गाभ्याच्या खोलीच्या दारात बसून फुलं निवडून द्यायची. एकदा हत्यारं पूजेला मांडली, की दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत त्यांना जाळ नाही, काम नाही, जागची हालवायचीसुद्धा नाहीत. दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर पहिला रस ओतायचा, नारळ फोडायचा, पेढे खायचे आणि घरी. इतकी वर्षं असंच चालत आलं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी आम्ही सगळेच गेलो. आई, मंजुळा, मी. भट्टी पहाटेपासनं पेटलेली. लॅडल पूजेच्या पाटावरनं उचलून त्याच्या पोटात बर्नरचा जाळ सोडला होता. एरवी तासन् तास शेकायचे. त्या दिवशी मुहूर्त जवळ आला होता, आणि तसंही ते अस्तर महिनाभर वापरातलं, वाळलेलं, असं सगळे धरून चालले होते.

मालक अण्णा मगदूम नवं धोतर नेसून घड्याळाकडं बघत उभे. “चाचा, आटपा. मुहूर्त टळला तर वर्षभर भोगावं लागंल.”

“झालंच, अण्णा. लाल झालाय बघा आतनं.”

बायांची रांग भिंतीशी. पुढं सवाष्णी, मागं मी. मंजुळा मात्र मागं सरकून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पोरगी गुणाची होती. शेतकऱ्याघरची, कारखाना पहिल्यांदाच बघत होती. भट्टीच्या उजेडात तिचे डोळे नुसते लकाकत होते.

मी तिला चिडवलं. “बघ की तुझ्या नवऱ्याचा लॅडल. सगळ्यांत झाक दिसतोय. नवी नवरी पूजेला आली की भांडंसुद्धा रूप घेतंय गं.”

ती लाजली. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाली, “वन्सं, कुणाला सांगू नका. काल सगळ्या बाया पेढं घ्यायला गेल्या तवा मी त्यो धुतला. आमच्याकडं नवमीला नांगराचा फाळ, विळं, खुरपी, सगळं ओढ्यावर नेऊन घासत्यात. धुतल्याबिगर पूजा कशी करायची? ह्यो तर आतनं किती काळा! काथ्यानं चांगला घासला. त्यातच तर माझी बांगडी वाढवली.”

“आतनं?” मी म्हणाले.

“व्हय. आणि काय पाणी पितंय वो ते! बादली ओतली की गडप. परत ओतली की परत गडप. मग पालथा घालून निथळला आणि फडक्यानं पुसून कोरडा केला. कुणाला कळलंबी न्हाई.”

मी समोर बघितलं. बर्नर बाजूला काढला होता. दिनूनं पुढचा दांडा उचलला होता, मागं दुसरा गडी. दोघंही लॅडल घेऊन भट्टीच्या तोंडाखाली चालले होते. चाचा वर चौथऱ्यावर, हात भट्टी कलती करायच्या दांड्यावर.

“दिनू!” मी ओरडले. भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याच्या घरघरीत माझा आवाज कुठं जाणार! भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं. पुढच्या बाया हसून मागं बघायला लागल्या.

भट्टीपुढं रांगोळीची ओळ घातली होती. मुहूर्ताच्या रसापुढं बाईमाणसानं जायचं नाही, आणि माझ्यासारखीनं तर त्या ओळीकडं बघायचंसुद्धा नाही. मी सवाष्णींच्या रांगेतनं घुसले. कुणाच्या तरी हातातलं कुंकवाचं ताट कलंडलं. आई किंचाळली, “छबे, मागं हो!”

अण्णा आडवे आले. “ए बाई! मुहूर्त हाय, कळतंय का? मागं फिर!”

मी त्यांना ढकललं. मालकाला! आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. रांगोळी पायाखाली पुसली गेली आणि मी जाऊन दिनूच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले.

“खाली ठेव! दिनू, खाली ठेव तो!”

“आक्का, येड लागलं का तुला? रस आला, सोड!”

खरंच आला होता. भट्टीच्या ओठाशी पांढराधोट उजेड जमा झाला होता, तोंड भाजत होतं. मी मान वर करून चाचांकडं बघितलं. “चाचा, लॅडल ओला हाय! आत पाणी हाय!”

चाचांचा हात थांबला. “लाल झालाय की गं.”

“वरनं झालाय! बाहेरनं हात लावा!”

मी स्वतःच लॅडलच्या अंगावर तळवा टेकला. जाळ खाल्लेलं भांडं, आतनं निखाऱ्यासारखं लाल, आणि बाहेरचं लोखंड माठासारखं गार. गार आणि दमट. तसंही ती माती धग लवकर बाहेर सोडत नाही, म्हणून तर तिचं अस्तर करतात. पण इतकं गार? वरचा थर तापला होता, आणि धग आतल्या पाण्याशी झुंजत मधेच कुठंतरी अडकली होती.

चाचांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कलता दांडा सरळ मागं ओढला. भट्टी मागं गेली. ओठावरचा एक थेंब तेवढा निसटला आणि दिनूच्या पायापासनं वीतभर लांब जमिनीवर फुटला.

“चाचा!” अण्णा गरजले. “मुहूर्त!”

चाचा खाली उतरले, नारळाजवळचं पूजेचं स्टीलचं ताट उचललं, त्यातली फुलं झटकली आणि ताट लॅडलच्या तोंडावर आडवं धरलं. मनात पाच आकडे मोजावेत एवढाच वेळ गेला असेल. मग त्यांनी ताट उलटं करून अण्णांपुढं धरलं. ताटाला घाम फुटला होता. थेंब एकमेकांत मिसळून काठाकडं घरंगळायला लागले आणि अण्णांच्या नव्या धोतरावर टपकले.

“या अल्ला,” चाचा म्हणाले. त्यांचा हात आपोआप गालावरच्या वणाकडं गेला. “ह्यात रस पडला असता तर ह्या दोघांचं काय ऱ्हायलं असतं, अण्णा? तुमचं आणि माझं तरी काय?”

दिनूनं लॅडल खाली ठेवला. तो तिथंच वाळूवर बसला.

अण्णांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला. भ्यालेल्या माणसाचा राग फार वाईट, कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय उतरत नाही. ते बायांच्या रांगेकडं वळले.

“कुणी घातलं पाणी? कुणी धुतला ह्यो? बोला!”

मी मंजुळाकडं बघितलं. तिला तोवर सगळं कळलं होतं. ती एक पाऊल पुढं टाकायच्या बेतात होती. तिच्याशेजारी आई. आईची नजर हळूहळू सुनेच्या त्या ओरखडलेल्या मनगटाकडं चालली होती. मला पुढचं सगळं दिसलं. बांगडी वाढवली, नवऱ्याला मारायला निघाली, पांढऱ्या पायाची. त्याच दिवशी गाडीत घालून माहेरी. मग आयुष्यभर कुणाच्या तरी चुलीपुढं मान खाली घालून बसणं. ते बसणं मला ठाऊक होतं. वैरिणीच्यासुद्धा वाट्याला येऊ नये.

“मी,” मी म्हणाले. “मी धुतला, अण्णा.”

“तू?”

“काल. सगळ्याजणी पेढं घ्यायला गेल्या तवा. भावाचं हत्यार हाय, म्हटलं आपूनबी सेवा करावी.”

मंजुळाच्या तोंडातनं कसलातरी आवाज निघाला. मी तिच्याकडं असे डोळे वटारले की ती जागच्या जागी थिजली.

“रांडमुंड बाईनं पूजेच्या हत्याराला हात लावला!” अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तरीच मुहूर्त मोडला. चल, नीघ इथनं. उद्यापासनं ह्या फाटकात पाय ठेवायचा न्हाई.”

आईनं सगळ्यांदेखत कपाळ बडवून घेतलं. “नवरा खाल्ला, आता भाऊ खायला निघाली हुती!”

मी दिनूकडं बघितलं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं की तो काहीतरी बोलेल. निदान एवढं तरी, की तिनंच थांबवलं म्हणून मी जित्ता आहे. तो वाळूवर बसून आपल्या हाताच्या तळव्यांकडं बघत होता. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या डोळ्यांत राग होता. मला तो फार लागला. अण्णांच्या बोलण्यापेक्षा लागला.

घरी आल्यावर परड्यात मंजुळा माझ्या पाया पडली. “वन्सं, मी सांगते. आत्ता जाऊन सांगते.”

“गप बस. सांगून काय मिळणार हाय? माझं जायचं ते गेलंय, आता तुझंबी घालवू नकोस. डोळं पूस आणि भाकरी थाप.”

बोलायला सोपं होतं. नंतरचे दिवस मात्र मला फार जड गेले. काम सुटलं. गल्लीतल्या बाया मला बघून दारं ओढून घ्यायला लागल्या. आई माझ्या ताटात भाकरी टाकायची ती लांबनं. आणि दिनू! पहिल्या रात्री उशिरा आला, जेवला नाही. पुढं नुसतं “व्हय”, “न्हाई”, “ठेव तिथं”. नजरेला नजर देईना. मी मनाला समजावत होते, की भाऊ जित्ता आहे, अजून काय पाहिजे तुला? पण मनाला अजून पाहिजे होतं. एक शब्द पाहिजे होता.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी पाट मांडला, ताट केलं. वाटलं, येतो की नाही कुणास ठाऊक. आला. अंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला. आई शेजारी फराळाचं द्यायला गेली होती, मंजुळा आत चुलीशी पुऱ्यांच्या नादात. मी त्याला ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला आणि ओवाळणी ताटात टाकली. टण् करून वाजलं.

नाणं नव्हतं. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, हिरवा काचेचा मणी होता. वेडावाकडा, एका बाजूला मातीचा कण चिकटलेला.

“हे काय रे?”

“दसऱ्याच्या त्याच सांजंला लॅडलचं अस्तर मीच फोडलं. तळाशी चिरेत हे गावलं. बर्नरच्या जाळानं वितळून गोळा झालंय.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “आक्का, तुझ्या हातात बांगडी कुठली?”

मी माझ्या हातांकडं बघितलं. रिकामे होते, कितीतरी वर्षांपासनं. खोटं बोलताना मला सगळं सुचलं होतं, तेवढं सुचलं नव्हतं.

“म्हंजे तुला ठावं हुतं,” मी म्हणाले.

“त्या सांजंपासनं.”

ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं मला. “आणि गप बसलास? माझं काम गेलं, गावभर नाव झालं, आई मला भाकरी लांबनं टाकती. आणि तू ह्या खिशात मणी घालून हिंडत हुतास?”

“त्या टायमाला खरंच वाटलं मला, तूच धुतलास म्हणून. मनात तुला नाही नाही त्या शिव्या घातल्या. मग हे गावलं. तसाच उठलो, अण्णांच्या वाड्यापर्यंत गेलो. दारातनं मागं फिरलो.” तो पाटाच्या कडेवर नख घासत होता. “सांगितलं असतं तर आईनं हिला घरात ठिवली नसती. तू वाचवलीस तिला. ते मी कसं मोडू?”

“मग मला कुणी वाचवायचं रे, दिनू?”

त्याच्या डोळ्यांतनं पाणी गालावर आलं, पुसलंसुद्धा नाही.

“कुणीच न्हाई वाचवलं,” तो म्हणाला. “म्हणून आणलंय हे. मला ठावं हाय, एवढं तरी तुला ठावं असावं. आज देईन, उद्या देईन करत ऱ्हायलो. धीर झाला न्हाई.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. सगळा गेला असं नाही म्हणणार मी, थोडा अजून आहे. पण त्या घटकेला ऊर भरून आला आणि मी त्याच्या टोपीवरनं हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

“हिला सांगू नकोस,” तो म्हणाला. “मला कळलंय हे तिला कळलं तर जलमभर मान वर करायची न्हाई.”

आता आई नाही, अण्णा नाहीत, मंजुळाला नातवंडं झाली. म्हणून हे बोलते आहे. पण तिच्या कानावर अजूनही घालू नका.

तर त्या भाऊबीजेला, दिनूचं बोलणं संपतंय न संपतंय तोवर आतनं मंजुळाची हाक आली. “वन्सं, तेल तापलं वो! पुऱ्या सोडू?” आणि ती दारात आली. हंड्यात हात घालून तशीच उठली असावी, दोन्ही हातांतनं पाणी निथळत होतं. एका हातात लाटलेली पुरी, आणि दोन्ही मनगटांत मी भरलेला नवा हिरवा चुडा.

“हात पूस आधी!” मी आणि दिनू एकदमच ओरडलो.

ती दचकली. आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघत राहिली, आमचे डोळे का भरलेत ते तिला कळेना. मग तिनं मुकाट्यानं पदराला हात पुसले, एक पुसला, दुसरा पुसला, बोटांच्या बेचक्यांतनंसुद्धा पुसले. मी मणी मुठीत झाकला आणि पुऱ्या तळायला तिच्याशेजारी जाऊन बसले.